*जुना छोटा ट्रॅक्टर, भंगारातले पार्ट: काय जोडावं आणि काय अजिबात जोडू नये*



बऱ्याच जणांच्या गोठ्याशेजारी एखादा जुना छोटा ट्रॅक्टर उभा आहे. इंजिन चालते, पण रुंदी पऱ्हाटीच्या तासात बसत नाही, किंवा मागं डवरा लावला की तोंड वर उचलते. बैलजोडी राहिली नाही, डवरणीला माणूस भेटत नाही, नवीन घ्यायचा तर हप्ते. म्हणून "भंगारातून पार्ट आणू अन् गावातच बसवून घेऊ" हा विचार चुकीचा नाही राजेहो. फक्त कोणता पार्ट भंगारातला चालतो आणि कोणत्यानं जीव जातो, हे आधी माहीत पाहिजे. मेसेज मोठा आहे, पण पुरा वाचा. सेव्ह करून ठेवा.

*आधी दोन खरी उदाहरणं*

१) गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळिया गावचे मनसुखभाई जगानी. १९९४ च्या सुमारास बैल आणि मजूर दोन्ही परवडेनासे झाले, तेव्हा त्यांनी डिझेल बुलेटचं मागचं चाक काढलं आणि तिथं दोन चाकांची जोडणी व अवजार लावायची पट्टी बसवली. हीच 'बुलेट सांती'. पुढं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशननं दखल घेतली, पेटंटही मिळालं. शिकण्यासारखं काय? त्यांनी सगळी गाडी नव्यानं बनवली नाही. इंजिन आणि पुढचा भाग कंपनीचाच ठेवला आणि शेतीला लागतं तेवढंच मागं बदललं.

२) आपल्याच महाराष्ट्रातले, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार. भंगारातले पार्ट वापरून साधारण ६० हजार रुपयांत त्यांनी मुलासाठी छोटी जीप बनवली. किक मारून चालू होणारी! डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण त्याच वेळी सांगितलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी अडवतील. त्या बदल्यात जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली. आपल्याला बदल्यात बोलेरो कोणी देणार नाही, म्हणून नियम आधीच पाहून घेऊ.

*कायदा काय म्हणतो*

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकावरचे मूळ तपशील बदलतील असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. इंजिन बदलणं, चेसिस कापणं किंवा लांबवणं हे त्यात येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारामागं ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यात रस्त्यावर अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो. म्हणून साधा नियम ठेवा: *ट्रॅक्टर तसाच ठेवा, जोडणी बदला.* मागं लावायचा आणि काढून ठेवता येणारा डवरा, वखर, पुढचं वजन, खताची पेटी यात भंगाराचा खरा फायदा आहे.

*१. रुंदी: स्पेसर बनवायच्या आधी फुकटचा उपाय*

मागच्या दोन चाकांमधलं अंतर टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. सोयाबीन ४५ सेंमी ओळीवर असेल तर हे अंतर ९० सेंमी पाहिजे, म्हणजे पोटाखाली दोन ओळी येतात आणि चाकं मोकळ्या जागेतून जातात. टायर २० सेंमी रुंद असेल तर दोन्ही बाजूंनी साडेबारा सेंमी जागा उरते. यापेक्षा रुंद टायर लावला तर पीक तुडवलं जाते.

पुष्कळ ट्रॅक्टरांत कंपनीनंच रुंदी बदलायची सोय दिलेली असते. डावं मागचं चाक उजवीकडं आणि उजवं डावीकडं लावलं की रिमची खोली उलटी होते आणि अंतर बदलते. असं केल्यानं टायरच्या नक्षीची दिशाही बरोबर राहते. चाक त्याच बाजूला पलटून लावलं तर नक्षी उलटी होते आणि काळ्या ओल्या मातीत टायर भरून जातो. आपल्या खारपाणपट्ट्यातली चिकण माती तर लवकरच सोडत नाही. चाक बदलल्यावर ते मडगार्डला घासत नाही ना, हे हातानं फिरवून पाहा.

स्पेसर लावायचाच असेल तर लेथवर एका अखंड तुकड्यातून काढून घ्या. पाइपचे तुकडे वेल्डिंग करून बनवलेला स्पेसर लावू नका. आणि जितका जाड स्पेसर, तितका बेअरिंगवर जास्त ताण.

*२. पास आणि फण: ट्रकचा पाटा उत्तम, पण वेल्डिंग नको*

आपले लोहार पूर्वीपासून ट्रकच्या कमानीच्या पाट्याची पास बनवतात. ते बरोबरच आहे, कारण स्प्रिंगचं पोलाद लवकर झिजत नाही. पण त्यात कार्बन जास्त असते. साध्या वेल्डिंगनं सांध्याजवळ ते ठिसूळ होते आणि शेतात दगड लागला की तिथंच तुटते. म्हणून पाट्याला भोक पाडून नटबोल्टनं बसवा. बोल्ट नवीन घ्या, डोक्यावर ८.८ चा शिक्का पाहून. दहा-वीस रुपये वाचवायला भंगारातला बोल्ट घेऊ नका.

*३. पुढचं वजन*

मागं अवजार उचललं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. एकूण वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या चाकांवर पाहिजे. हे वजनकाट्यावर तपासता येते. अवजार उचलून आधी पूर्ण ट्रॅक्टर तोला, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून तोला. एकूण ९०० किलो भरलं तर पुढं १८० किलोच्या खाली नको. कमी पडलं तर ट्रकचा जुना ब्रेक ड्रम किंवा फ्लायव्हील पुढच्या ब्रॅकेटला बोल्टनं घट्ट बसवा. तारेनं बांधून लटकवू नका.

*४. भंगार घेताना खडूची परीक्षा*

पार्ट साफ करा, डिझेलमध्ये थोडा वेळ बुडवा, मग कोरडा पुसा आणि वरून खडू फासा. तडा असेल तर आतलं डिझेल बाहेर येऊन खडूवर काळी रेघ उमटते. असा पार्ट फुकट भेटला तरी घेऊ नका.

*भंगारातलं हे कधीच नाही*

❌ ब्रेकचे पार्ट, स्टिअरिंगचे टायरॉड आणि बॉल जॉइंट, हायड्रॉलिकचे पाइप, चाकाचे स्टड.
❌ फोर व्हीलला वेगळ्या मापाचा टायर. पुढच्या-मागच्या चाकांचं गणित बिघडते आणि गिअरवर ताण येतो.
❌ टायर बसवलेल्या रिमवर वेल्डिंग. हवा काढली तरी आत गॅस तापून टायर फुटू शकतो. टायर उतरवूनच काम करा.
❌ डिझेलच्या रिकाम्या टाकीला वेल्डिंग. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते.

*दोन गोष्टी जिवाच्या*

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९. उपरणं, ओढणी किंवा साडीचा पदर अडकला तर हात ओढायलाही वेळ भेटत नाही. भंगारातल्या पत्र्याचं झाकण बनवून ट्रॅक्टरच्या अंगाला पक्कं बसवा. ते शाफ्टसोबत फिरायला नको. हे या पूर्ण मेसेजमधलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचं काम आहे.

दुसरं, ओढायची साखळी नेहमी खालच्या हुकलाच. टॉपलिंकच्या जागी किंवा ॲक्सलला बांधून फसलेलं काही ओढलं तर ट्रॅक्टर मागं उलटतो आणि चालवणारा खाली सापडतो. छोटा ट्रॅक्टर हलका असला तरी माणसाला तो जडच.

*परवडते का? हिशेब मांडा*

समजा, जोडणीला १८,००० रुपये लागले. गावात भाड्याची डवरणी एकरी ६०० आणि तुमचं डिझेल एकरी १५० असेल, तर एकरी ४५० वाचतात. १८,००० भागिले ४५० म्हणजे ४० एकर डवरणी. १० एकर पऱ्हाटीत चार डवरे दिले की एका हंगामात पैसे वसूल. ३ एकर असेल तर याच हिशेबानं तीन हंगामांहून जास्त लागतील. मग दोघा-तिघांनी मिळून करा, नाही तर भाड्यानंच परवडते. आपल्या गावचे आकडे टाकून हा हिशेब भंगार दुकानात जायच्या *आधी* करा. आणि हेही लक्षात ठेवा, घरी बनवलेल्या अवजाराला अनुदान भेटत नाही. त्यासाठी तपासणी झालेलंच यंत्र लागतं.

*काम सुरू करायच्या आधी*

✅ चाकांचं अंतर, टायरची रुंदी आणि आपल्या ओळीचं अंतर कागदावर लिहा.
✅ शंका असेल तर अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात, नाही तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात (अमरावतीसाठी घातखेड किंवा दुर्गापूर-बडनेरा, अकोल्यासाठी सिसा) विचारा.
✅ पहिल्यांदा मोकळ्या शेतात, हळू गिअरमध्ये, कोणालाही मडगार्डवर न बसवता चालवून पाहा. अर्ध्या तासानं सगळे नट पुन्हा आवळा.

पेरणी चालू झाली की वेल्डरची वेळ भेटत नाही, म्हणून हे काम उन्हाळ्यातच उरका. तुम्ही जोडणी केली असेल तर फोटो आणि मापं याच नंबरवर पाठवा. चांगली जोडणी तुमच्या परवानगीनं बाकी सभासदांना दाखवू.

आपला,
सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी