तंबोऱ्यानं ठरवलेला क्रम

ख्याल ऐकणाऱ्यानं रेकॉर्ड प्लेअर पारखावा तो तंबोऱ्यावर. सिनेमातल्या गाण्यात वाद्यं इतकी दाटलेली असतात की यंत्राचे दोष त्यात लपून जातात. तंबोरा मात्र पहिल्या आवर्तनापासून शेवटपर्यंत एकाच जागी उभा असतो. तबकडीची गती जराशी डळमळली की षड्ज हलतो आणि मोटरची घरघर असली तर ती नेमकी खर्जाच्या तारेखाली येऊन बसते. गेल्या दहा-बारा वर्षांत घरातल्या यंत्रणेवर मी जो थोडाथोडा खर्च केला, त्याचा क्रम या तंबोऱ्यानंच ठरवला असं आज मागे वळून पाहताना दिसतं.

सुरुवातीचं यंत्र सत्तरच्या दशकातलं होतं. मोटरचा दांडा रबरी चाकाला आणि ते चाक प्लॅटरला फिरवणार, अशी त्याची रचना. कार्ट्रिज सिरॅमिकचं, पिनेचा भार ५-६ ग्रॅम. त्या काळी मध्यमवर्गीय घरांत अशीच यंत्रं आली आणि त्याला कारण होतं. सिरॅमिक कार्ट्रिजमधून निघणारा संकेत एवढा जोरकस असतो की साध्यासुध्या अ‍ॅम्प्लिफायरवरही काम भागतं. अनेक घरांत शास्त्रीय संगीत पोचलं ते अशा यंत्रांमुळे, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण रबरी चाकातून मोटरची थरथर प्लॅटरपर्यंत जाते, आणि मंद्रातल्या आलापीखाली आणखी एक सूर सतत वाजत राहतो. त्याच्यासकट भीमसेनजी ऐकणं मला जमेना.

म्हणून सर्वांत मोठी रक्कम आधी गतीवर गेली. नवं चांगलं यंत्र आवाक्याबाहेरचं होतं, तेव्हा शोध जुन्याचा. पुण्याचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट, शिवाय ओळखीपाळखीतून कळणारी घरं. अमेरिकेतून कुणी आणलेली यंत्रं या बाजारात बरीच दिसतात, त्यांच्यापासून जपून राहावं. ११० व्होल्टचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरनं सुटतो, पण ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेली साधी सिंक्रोनस मोटर आपल्या ५० हर्ट्झवर पाच-षष्ठांश गतीनंच फिरते. काळी चारमध्ये गायलेलं गाणं पांढरी चारच्या आसपास उतरतं. डीजेचं काम सोडलेल्या एका मुलाकडून शेवटी मी जपानी बनावटीचं, क्वार्ट्झनं गती राखणारं डायरेक्ट ड्राइव्ह यंत्र घेतलं. गती तपासायला स्ट्रोबोस्कोपची कागदी चकती पुरते. आपल्या विजेवर ३३⅓ फेऱ्यांसाठी तिच्यावर १८० रेषा लागतात, आणि गती बरोबर असेल तर त्या जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. चोकवाली जुनी ट्यूबलाइट मात्र हवी, कारण बऱ्याच एलईडी दिव्यांखाली रेषा उमटतच नाहीत.

त्या दिवसापासून तंबोरा स्थिर झाला. काही एलपींचं मधलं भोकच किंचित बाजूला पडलेलं असतं, तिथे सूर दर फेरीला, म्हणजे १.८ सेकंदांनी, झोके घेतो. त्यावर कोणतंच यंत्र उपाय करू शकत नाही.

यानंतर कार्ट्रिज. मॅग्नेटिक कार्ट्रिजचा संकेत जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्टचा असतो, त्यामुळे वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प लागतो. तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर उचललेले असतात. १९५४ पासून त्याचं आरआयएए हे प्रमाण रूढ झालं आणि प्रीअ‍ॅम्प ते सारं उलटं फिरवून मूळ तोल परत आणतो. मी अगदी साधा प्रीअ‍ॅम्प घेतला, तो आजही चालू आहे. पिनेचा भार मोजायला सोनारकामाचा खिशातला इलेक्ट्रॉनिक काटा काही शे रुपयांत मिळाला. दोन ग्रॅम सांगितले असतील तर दोनच ग्रॅम, हे एकदा साधलं की तबकडीची झीजही आवाक्यात राहते.

खरा फरक मात्र पिनेच्या टोकानं केला. बारा इंची एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच पिनेखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर वेगानं सरकते, आतल्या वर्तुळांत तोच वेग जेमतेम २१ वर येतो. तिथे १० हजार हर्ट्झची लाट अवघ्या २१ मायक्रॉन लांबीची उरते, आणि साध्या गोल टोकाच्या पिनेची त्रिज्याच १८ मायक्रॉनच्या घरात! अशा बारीक वळणांत ती शिरणार कशी? आता ख्यालाची मांडणी आठवा. विलंबित बाहेर, मोकळ्या जागेत, आणि द्रुत, तानांची सारी आतषबाजी, बाजू संपत आलेली असताना आतल्या अडचणीत. किशोरीताईंच्या भूपमधली दुसरी बंदिश मला वर्षानुवर्षं थोडी चुरगळलेली वाटायची. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत कार्ट्रिजचं अंग तेच ठेवून पिन बदलता येते. आधी लंबवर्तुळी टोकाची घेतली, जिची कड सुमारे ८ मायक्रॉनची. पुढे पैसे साठवून मायक्रोलिनियर आणली, तिची सुमारे ३. त्या रात्री भूपची बाजू शेवटपर्यंत ऐकली. हार्मोनियमची धार, शब्दांतले ‘स’ आणि ‘श’ सगळे जागच्या जागी होते. मोजक्या पैशांत एकच गोष्ट करणं शक्य असेल आणि यंत्राची गती आधीच ठीक असेल, तर ख्याल ऐकणाऱ्यानं पिनच बदलावी, असं मी आग्रहानं सांगेन.

काही सुधारणांना जवळजवळ पैसेच लागले नाहीत. स्पीकर शेजारी असले की त्यांची थरथर यंत्रात परत शिरते, म्हणून भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर कडप्प्याची फळी टाकली आणि यंत्र तिच्यावर ठेवलं. साठच्या दशकातल्या आपल्याकडच्या अनेक एलपी मोनो आहेत. त्या वाजवताना दोन्ही बाजूंचे संकेत एकत्र केले की खाचेतल्या वरखाली हालचालीतून येणारी खरखर बरीचशी आपसांत कटून जाते. अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर फुकटात, नसेल तर एका जोडवायरीत हे होतं. पावसाळ्यात एलपींवर बुरशी धरते, त्यासाठी डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश आणि नवी आतली पाकिटं. लाखेच्या ७८ च्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल असलेलं कोणतंही द्रावण लावू नये, लाख त्यात विरघळते.

अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर अजून तेच आहेत. ते बदलावेत असं तंबोऱ्यानं आजवर सुचवलेलं नाही. पुढचा खर्च ठरला आहे तो ७८ च्या पेटीसाठी. हिराबाई बडोदेकर, अब्दुल करीम खाँ, सव्वातीन मिनिटांत मांडलेले राग. त्या खाचा एलपीच्या तीन-चार पट रुंद असतात. एलपीची पिन त्यांत तळाशी घासत राहते आणि भिंतींना धड टेकतही नाही. व्हीएम९५ च्याच अंगावर बसणारी ७८ ची पिन मिळते, आणि माझ्या यंत्राला त्या गतीचं बटण नसल्यानं सोबत तीन गतींचं दुसरं जुनं यंत्रही बघावं लागेल. जुन्या बाजारात दोन ठिकाणी सांगून ठेवलं आहे.