स्वयंचलित व्यवसायप्रक्रियांतील जोखीम व्यवस्थापन

देयके चुकती करणे, हमीपत्रे देणे, शेअरची खरेदी-विक्री यांसारखी कामे संगणकप्रणालीकडे सोपवल्यावर उद्भवणारे धोके वेळीच ओळखणे व आटोक्यात ठेवणे, यास स्वयंचलित व्यवसायप्रक्रियांतील जोखीम व्यवस्थापन म्हणतात. हाताने काम करणाऱ्या कारकुनाची चूक बहुधा एका नोंदीपुरती असते. प्रणालीतील एक चुकीचा नियम मात्र हजारो व्यवहारांना लागू होतो.

पंजाब नॅशनल बँक प्रकरण

धोका पुष्कळदा प्रणालीच्या आत नसून दोन प्रणालींच्या सांध्यात असतो. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पंजाब नॅशनल बँकेने मुंबईतील एका शाखेत सुमारे ११,४०० कोटी रुपयांचे गैरव्यवहार झाल्याचे जाहीर केले. परदेशातील बँकशाखांना हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून गेले होते, पण त्यांची नोंद बँकेच्या मुख्य लेखाप्रणालीत (कोअर बँकिंग) नव्हती. दोन्ही प्रणाली परस्परांशी जोडलेल्या नसल्याने खात्यांत काहीच वावगे दिसत नव्हते. हा प्रकार कोणत्याही यंत्रणेने पकडला नाही. जानेवारी २०१८ मध्ये नव्या हमीपत्रासाठी शाखेने पूर्ण रोख तारण मागितले. पूर्वी अशी अट नव्हती, असे उत्तर आले आणि जुन्या नोंदी शोधता त्या सापडल्या नाहीत. स्विफ्टच्या संभाव्य गैरवापराबाबत ऑगस्ट २०१६ पासून बँकांना किमान तीनदा सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने नंतर स्पष्ट केले. मार्च २०१८ मध्ये आयातीसाठी अशी हमीपत्रे देण्याची पद्धतच तिने बंद केली.

नाइट कॅपिटल प्रकरण

अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअरदलाल कंपनीत १ ऑगस्ट २०१२ रोजी आठपैकी एका सर्व्हरवर नवी आज्ञावली चढवायची राहून गेलेली होती. त्यावरील जुना, वापरात नसलेला भाग जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले. दुरुस्ती म्हणून उरलेल्या सात सर्व्हरवरील नवी आज्ञावली काढण्यात आली, तेव्हा गोंधळ आणखी वाढला. तोटा ४४ कोटी डॉलरच्या वर गेला. बाजार उघडण्यापूर्वीच प्रणालीने त्रुटीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. मात्र ते इशारे म्हणून योजलेले नव्हते व कोणी त्यांची दखल घेतली नाही.

शोध व नियंत्रण

सर्वांत जुना व आजही सर्वांत उपयोगी उपाय म्हणजे ताळमेळ: एका प्रणालीतून बाहेर गेलेली प्रत्येक नोंद दुसऱ्या, स्वतंत्र प्रणालीतील नोंदीशी रोज पडताळणे. व्यवहार नोंदवणारा व मंजूर करणारा वेगळा असावा हा नियमही जुनाच. पासवर्ड एकमेकांना दिले की तो कागदावरच उरतो. त्याखेरीज रकमेच्या कमाल मर्यादा, बदलांची दुसऱ्या व्यक्तीकडून तपासणी आणि प्रक्रिया तत्काळ थांबवण्याची सोय ठेवली जाते. थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरलेले नसेल तर ती सोय ऐनवेळी निरुपयोगी ठरते. इशाऱ्यांची संख्या भरमसाट झाल्यास कर्मचारी ते न वाचताच बंद करू लागतात. त्यामुळे कोणता इशारा कोणाकडे जावा आणि उत्तर न आल्यास पुढे कोणाला कळवावे, हेही ठरवावे लागते.