पऱ्हाटीतली बोटं आणि रोबोचा हात

डिसेंबर २०१७ मध्ये आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये सोफिया ही मानवसदृश रोबो साडी नेसून आली, तेव्हा कौतुक झालं ते तिच्या बोलण्याचं. आता रोबोने हातांनी काम करावं, अशी अपेक्षा आहे. जुलै २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने ‘आरटी-२’ हे मॉडेल मांडलं. इंटरनेटवरची चित्रं आणि मजकूर यांवर शिकलेलं हे मॉडेल थेट यंत्रहाताच्या हालचाली ठरवतं. ‘नामशेष प्राणी उचल’ म्हटल्यावर रोबोने खेळण्यांतला डायनासोर उचलला. ही आज्ञा त्याला वेगळी शिकवलेली नव्हती. रोबो कंपन्यांकडे पैसा वळतोय तो यामुळेच: प्रत्येक कामासाठी नवा प्रोग्राम लिहिण्याची गरज कमी होते.

पण कारंजा लाडच्या शिवारात बघा. पऱ्हाटीवरची बोंडं एकदम फुटत नाहीत, म्हणून वेचणी पुन्हापुन्हा करावी लागते. वाळलेला पाला न लागू देता कापूस अलगद ओढायचा, हे वेचणाऱ्या बाईच्या बोटांना कळतं. तिची मजुरी किलोवर ठरते, हे मला खटकतं. एवढं बारीक कसब त्यात मोजलंच जात नाही. इंटरनेटवर मजकूर अमाप आहे, बोटांच्या दाबाची नोंद मात्र नगण्य. म्हणून कंपन्या सध्या माणसांकडून यंत्रहात चालवून घेत ती नोंद गोळा करताहेत.