झोपाळ्याची रांग

बागेचं फाटक चारला उघडतं. पावणेचारपासूनच बाहेर गर्दी आहे. डोंबिवली पूर्व, मे महिना, शाळांना सुट्टी. रिक्षांमधून वाट काढत आलेल्या आज्या पदराने वारा घेत उभ्या आहेत. नातवंडं त्यांचा हात सोडवून घेण्याच्या खटपटीत. मोठी मुलं सायकली भिंतीला टेकवून गजांमधून आत बघतायत. अंगाला घाम आहे आणि तो वाळायचं नाव घेत नाही.

वॉचमन किल्ल्यांचा जुडगा वाजवत येतो. कडी सरकते. मुलं पळत सुटतात ती थेट झोपाळ्यांकडे.

लोखंडी सांगाडा चार झोपाळ्यांचा आहे. दोन जागी नुसते हुक उरलेत. तिसऱ्या झोपाळ्याची साखळी कुणीतरी वरच्या आडव्या पाइपला गुंडाळून ठेवली आहे, म्हणजे तो बंद. चालू एकच. मिनिटभरात त्याच्यासमोर चौदा मुलांची रांग लागते. नियम त्यांचा त्यांनीच ठरवलेला. वीस झोके, मग उतरायचं. रांगेतली मुलं मोठ्याने मोजतात, बसलेली मुलगी हळू मोजते.

"वीस झाले, उतर!"

"अठरा झालेत. आत्ता एकोणीस."

"ए, चीटिंग नको हं!"

रांग पुढे सरकते. पाच वर्षांचा एक मुलगा शेवटी उभा आहे. त्याचा नंबर यायला पंधरा मिनिटं तरी लागतील. तो जागा सोडत नाही. बहिणीने हाक मारली तरी मान फक्त वळवतो, पाय हलवत नाही.

मी झोपाळ्याच्या बाजूला जाऊन वर बघते. साखळी जिथे अडकवली आहे तो हुक घासून घासून निम्मा झाला आहे. प्रत्येक झोक्याला तिथे लोखंडावर लोखंड फिरतं आणि करकर आवाज येतो. बेअरिंग नाही, ग्रीसही नाही. सांगाड्याचे पाय खाली पेव्हर ब्लॉकमध्ये शिरतात. पेव्हर नंतर बसवलेत, त्यामुळे पायाची जुनी कड आता जमिनीखाली गेली आहे. पावसात पाणी तिथेच साचतं. वरून पाइप ठणठणीत, पिवळा रंग चकचकीत. ब्लॉकच्या रेषेवर मात्र गंजाचे पापुद्रे सुटलेत आणि एका पायाला तर्जनी आत जाईल एवढं भोक पडलं आहे. गंज नेहमी इथेच, माती आणि हवा भेटते तिथे, धरतो.

पुढे घसरगुंडी. पत्र्याची, उंच, वर जायला बारा पायऱ्या. इतक्या वर्षांच्या चड्ड्यांनी तिचा पत्रा आरशासारखा गुळगुळीत केला आहे. आत्ता तो तापला आहे. फ्रॉकवाली एक मुलगी वर चढते, पत्र्याला तळहात लावते, झटकन काढते. मग गळ्यातली वॉटरबॅग उघडते आणि अर्धी बाटली पत्र्यावर ओतते. पाणी खालपर्यंत पोचायच्या आत निम्मं वाळून जातं. उरलेल्या ओलीवरून ती घसरते. तिच्या मागची दोन मुलंही लगेच, ओल असेपर्यंत. खाली आजी ओरडते, "अगं, प्यायचं पाणी होतं ते!"

घसरगुंडीखाली पूर्वी माती होती. आता तिथेही पेव्हर आहेत. चिखल होत नाही, झाडायला सोपं, दिसायला नीट. पण दोन मीटरवरून मूल पडलं तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी 22 किलोमीटरच्या वर जातो. गल्लीतून जाणाऱ्या मोटरसायकलचा वेग असतो तेवढा. समोर काँक्रीट. मला विचाराल तर या बागेतली सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे हे पेव्हरच, आणि ती गंजलेली नाही, मोडलेली नाही, नवीनच आहे. युरोपात ईएन 1177 नावाचं एक मानक आहे. कोणता पृष्ठभाग किती उंचीवरून पडणाऱ्या डोक्याला सांभाळतो, ते मोजायची पद्धत त्यात दिली आहे. सुट्ट्या वाळूचा 30 सेंटिमीटर थर चांगलं काम करतो. रबरी मॅटही चालते, पण तिची जाडी खेळण्याच्या उंचीप्रमाणे वाढवावी लागते. पातळ मॅट अंथरली की फोटोत सगळं सुरक्षित दिसतं, एवढंच.

वाळूचंही सोपं नाही. वॉचमन सांगतो, "ताई, वाळू टाकली की मांजरं येतात. रोज चाळायची कोणी?" तो तक्रार करत नाही, कामाचं सांगतो. चार माळी आणि झाडूवाल्या धरून जेवढी माणसं आहेत, तेवढीच आहेत.

बागेचा मागचा कोपरा हिरव्या जाळीने बंद केला आहे. आत ग्राइंडर चालू आहे. ठिणग्या जाळीवर येतात आणि विझतात. जुनं जंगल जिम कापलं जातंय. पाइपांचा हा पिंजरा निघाला त्याला शंभर वर्षं झाली, पुढे तो जगभर पोचला. शिकागोजवळच्या एका पेटंट वकिलाने 1920 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याचे वडील गणिती. जपानमध्ये असताना त्यांनी मुलांना मितींची कल्पना समजावी म्हणून बांबूची अशी चौकट उभी केली होती. इथल्या मुलांना ते ठाऊक असायचं कारण नाही. ती जाळीला नाक लावून उभी आहेत, कारण कालपर्यंत ती त्या टोकावर उलटी लटकत होती.

कापलेल्या पाइपाचा एक तुकडा जाळीखालून बाहेर आला आहे. मी उचलते. कडेला रंगाचे थर मोजता येतात. वर पिवळा, त्याखाली निळा, मग लाल, पुन्हा निळा, तळाशी शेंदरी प्रायमर. नखाने खरवडलं की पापुद्रा निघतो. आपल्याकडे घरगुती आणि शोभेच्या रंगांमधल्या शिशाला 90 पीपीएमची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर 2017 पासून. खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. त्यांत काय आहे ते डोळ्यांना कळत नाही, म्हणूनच ग्राइंडरची धूळ उडत असताना मुलं इतक्या जवळ नकोत. मी तसं म्हणते. वेल्डरच्या हाताखालचा पोरगा समजूतदार आहे. तो मुलांना दहा पावलं मागे नेतो, मग बादलीने पाइपांवर पाणी मारतो.

बाहेरच्या बाजूला टेम्पो लागला आहे. नवीन सामान उतरतंय. फायबरची नळीची घसरगुंडी, दोन तुकड्यांत. प्लास्टिकचं छप्पर, त्यावर हत्तीचं तोंड. बबल रॅपमध्ये गुंडाळलेले पॅनल. मल्टिप्ले म्हणतात याला, एकाच मनोऱ्यावर चढणं, घसरणं, रांगणं सगळं. ठाण्यात कोलशेतला 2024 मध्ये उघडलेलं मोठं पार्क असो, की कल्याणात एखाद्या सोसायटीच्या आवारातला कोपरा, हत्तीचं हे तोंड आता सगळीकडे भेटतं. वाईट नाही. कडा गोल आहेत, कठड्यांच्या पट्ट्या जवळजवळ आहेत. कठड्यातली फट नऊ सेंटिमीटरपेक्षा मोठी आणि तेवीसपेक्षा लहान असली की मुलाचं अंग पलीकडे निसटतं आणि डोकं अडकतं. कामगार पॅनल उभं करतो तेव्हा मी फटीत मूठ घालून बघते. बसत नाही. ठीक आहे.

पण हे पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं. अकरा वर्षांची मुलगी यात दोन दिवसांत कंटाळेल. तिला उंची हवी, वेग हवा. ती झोपाळ्याच्या रांगेत उभी आहे ती त्यासाठीच. ती जाणार कुठे? कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच साडेबारा लाखांच्या आसपास होती, ठाण्याची 18 लाख 41 हजार. त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते लोकलच्या खिडकीतून दिसतं. मैदानांवर क्रिकेट, आणि तिथे मुलींना जागा मिळायची म्हणजे भांडावं लागतं. उरते ही बाग.

साडेपाच होतात. गुलमोहराची सावली झोपाळ्यांपर्यंत पोचते. कुल्फीवाला फाटकाशी घंटी वाजवतो, रांगेतलं कोणी हलत नाही.

कामाचा नकाशा फाटकाजवळच्या फळ्यावर चिकटवला आहे. त्याच्याभोवती आता मोठी माणसं जमलीत. चष्मा कपाळावर सरकवून एक आजोबा बोटाने शोधतात. मल्टिप्ले इथे. ओपन जिम इथे. सी-सॉ दोन. झोपाळे?

"दोन," एक मुलगा सांगतो. त्याने आधीच मोजलेत. "पहिले चार होते."

सुपरवायझरला बोलावलं जातं. तो तिशीतला, शर्टाच्या खिशात टेप.

"काका, दोनच का?"

"सांगाड्याच्या एका कप्प्यात दोनच लावायचे असतात. चार लावले की मधली मुलं आपटतात."

तो खरं बोलतोय. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांतही तसंच आहे. शिवाय झोपाळा जागा खातो. वरची टांगणी अडीच मीटरवर असेल, तर पुढे पाच आणि मागे पाच मीटर मोकळं ठेवावं लागतं. म्हणून नकाशा काढताना सगळ्यात आधी झोपाळा कापला जातो, आणि मुलं रांग लावतात ती मात्र त्याच्याचसाठी. मला ही गोष्ट फार लागते. जागा ज्या खेळाला जास्त लागते त्याला ती द्यायला हवी, मोठ्यांच्या व्यायामाची यंत्रं भिंतीकडेला सरकली तरी चालतात.

आजोबाही तेच म्हणतात. "अहो, ही जिमची मशिनं तिकडे कंपाउंडलगत घ्या की. मग दुसरा कप्पा बसतो का बघा."

सुपरवायझर टेप काढतो. एक टोक मुलाच्या हातात देतो. मूल धावत गुलमोहरापर्यंत जातं. टेप ताणली जाते, अकरा मीटर आणि वर थोडं. दुसऱ्या बाजूनेही मोजतात.

"जागा आहे," तो म्हणतो. "पण इस्टिमेटमध्ये नाही. पाया भरायच्या आत लेखी द्या, मी साहेबांकडे पोचवतो. आठवडा आहे हातात."

आजोबा पिशवीतून वही काढतात. पेन वॉचमनकडचं. पहिलं वाक्य चार झोपाळ्यांचं, दुसरं खाली पेव्हर नकोत म्हणून. फ्रॉकवाली मुलगी मध्येच विचारते, घसरगुंडीवर सावली मागता येईल का. तेही लिहिलं जातं. खाली सह्या. मुलांच्या सह्या चालतात का, यावर दोन आज्यांमध्ये वाद लागतो. आजोबा म्हणतात, नाव आणि इयत्ता लिहा, बघू कोण नाही म्हणतं ते.