क्षुधा, लंघन आणि मन

'भूक लागत नाही, अन्न जात नाही' अशी तक्रार घेऊन रुग्ण आला की आपण अग्निमांद्याची नोंद करतो व हिंग्वाष्टक चूर्ण लिहून देतो. पुष्कळदा ते योग्यही ठरते. परंतु पथ्यकर अन्न योग्य मात्रेत घेतले तरी चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखशय्या व प्रजागर यांमुळे ते पचत नाही, असे चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. परीक्षेसाठी आपण सर्वांनी हे पाठ केले. केसपेपरवर मात्र 'शाकाहारी की मिश्राहारी' यापलीकडे आम्हीही फारसे जात नव्हतो.

हा संबंध उलट दिशेनेही चालतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. शरीराने व मनाने सुदृढ म्हणूनच त्यांची निवड झाली होती. तरीही ते चिडचिडे, खिन्न व एकलकोंडे झाले. अन्नावाचून दुसरा विषय त्यांना सुचेना. पोटभर अन्न मिळू लागल्यावरही काहींना खाणे आवरेना.

म्हणून स्थौल्यात लंघन सांगण्यापूर्वी रुग्ण आधीच उपाशी राहत नाही ना, हे विचारणे आम्ही आवश्यक मानतो. व्रताचा उपवास कोणी लपवीत नाही. हा लपविला जातो. दिवसभर काही न खाता रात्री सर्व निजल्यावर अनावरपणे खाणे, मग लाज वाटून वमन किंवा रेचन, असे हे चक्र असते. त्याला केवळ अध्यशन म्हणून भागत नाही, आणि अशा रुग्णास लंघन दिल्यास ते चक्र अधिकच घट्ट होते.

येथे औषधी दुकानदार बंधूंचा संबंध येतो. सोनामुखीयुक्त चूर्ण एकच व्यक्ती, विशेषतः कृश तरुणी, वारंवार नेत असेल तर ते केवळ मलावष्टंभाचे प्रकरण समजू नये. अतिरेचनाने शरीरातील पोटॅशियम घटते व हृदयाची गती बिघडू शकते. चारचौघांत न विचारता, बाजूला घेऊन आपुलकीने चौकशी करावी व तिला वैद्यांकडे पाठवावे.

वैद्यांनी नाडी पाहतानाच झोप, अलीकडील शोक, एकट्याने होणारे जेवण यांविषयी विचारावे. जगणे नकोसे वाटते का, हेही स्पष्ट शब्दांत विचारावे. उत्तर होकारार्थी आल्यास रुग्णास एकटे न सोडता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे; दीपन-पाचन नंतर पाहता येते.