नाणेघाटातील चौकोनी कंस

गेल्या श्रावणातील गोष्ट. आमची धाकटी सूनबाई कल्याणकडील एका महाविद्यालयात अध्यापनाचे काम करते. शहापुराहून रोज लोकलने जाणे-येणे, घरचे सणवार, आणि त्यातूनच रात्री वेळ काढून तिने एक शोधनिबंध सिद्ध केला होता. एके दिवशी तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, निबंध स्वीकारला गेला. सकाळी पाठविला, दुपारी जेवणापूर्वी उत्तर आले."

घरात आनंद झाला. तिच्या सासूबाईंनी तिच्या हातावर साखर ठेविली. मी सहज विचारले, "परीक्षकांनी काय अभिप्राय दिला?" तिने फोन पुढे केला. अभिप्राय एका ओळीचा होता : निबंध उत्कृष्ट असून प्रकाशनास योग्य आहे. खाली अठराशे रुपये भरण्याची सूचना, आणि तीन दिवसांत रंगीत वेलबुट्टीचे प्रमाणपत्र घरपोच देण्याचे आश्वासन. मी अडतीस वर्षे मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत शाळामास्तरकी केली. पाचवीतल्या पोराची निबंधाची वही तपासावयासदेखील मला याहून अधिक वेळ लागत असे.

निबंधावर पाहतो तो लेखक म्हणून सूनबाईच्या नावाखाली माझेही नाव! काही संस्कृत-प्राकृत शब्दांची टिपणे मी तिला करून दिली होती, तेवढ्यावर तिने ते आदराने घातले होते. खरे सांगावयाचे तर ते छापील अक्षरातले नाव मी तीनदा वाचले, आणि मगच पुढचा मजकूर वाचावयास घेतला.

विषय नाणेघाटाचा होता. मुरबाडच्या वाचकांस तो घाट सांगावयास नको. वैशाखऱ्यावरून चढून गेले की माथ्यावर सातवाहनांच्या काळचे लेणे लागते. त्याच्या दोन बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत एका राणीचा मोठा लेख कोरलेला असून त्यात यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणांची नोंद आहे. मागल्या भिंतीवर पूर्वी राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज मूर्ती नाहीत, त्यांच्या डोक्यांवरची नावे तेवढी राहिली आहेत. सूनबाईने लिहिले होते की, मोठ्या लेखात राणी नायनिका आपले नाव सांगते. वस्तुतः तसे नाही. मोठ्या लेखात जेथे ते नाव असावयाचे, तेथील दगडच झिजून गेला आहे. 'नायनिका' हे नाव सापडते ते मागल्या भिंतीवर, आणि लेख तिचाच असावा हे पंडितांनी केलेले अनुमान आहे. अनुमान बहुधा बरोबर असेल. पण दगडावर काय आहे आणि आपण काय ताडले आहे, या दोहोंत अंतर राखलेच पाहिजे. शिलालेख छापताना गळालेली अक्षरे संपादक चौकोनी कंसांत घालतो, ते याचसाठी. वाचणाऱ्यास कळावे की एवढे शिळेचे आणि एवढे माझे. "उत्कृष्ट" म्हणणाऱ्या परीक्षकास ही चूक दिसली नाही, कारण निबंध कोणी वाचलाच नव्हता.

या लेखाच्या वाचनाचा इतिहासच या बाबतीत बोलका आहे. १८२८ साली कर्नल साईक्सने हे लेणे पाहिले. त्यातील अंकांचा उलगडा करणारा निबंध भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ च्या सुमारास मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध केला. दहा, वीस, शंभर, हजार यांना तेथे निरनिराळी चिन्हे आहेत, आपल्यासारखे शून्य देऊन स्थान वाढविणे नाही. हे जगापुढे आले ते आपल्या या घाटावरून. भगवानलाल मूळचे जुनागढचे. इंग्रजी पद्धतीचे शिक्षण त्यांना लाभले नव्हते, आणि ते लिहीत गुजरातीत. ब्यूलरसारखा जर्मन पंडित त्यांचे लिखाण इंग्रजीत उतरवीत असे. अशा वेळी वरचे नाव आपले घालणे त्या साहेबास किती सोपे होते! परंतु नेपाळातील तेवीस लेखांचे पुस्तक १८८५ साली निघाले, त्यावर कर्ता म्हणून भगवानलालांचे नाव असून ब्यूलर हा केवळ भाषांतरकार आहे. अंकांवरील लेखातही ब्यूलरने आपले म्हणणे स्वतंत्र टीप म्हणून जोडले. लायडेनच्या विद्यापीठाने भगवानलालांस सन्मान्य पदवीही दिली. हे आठवले आणि मी सूनबाईला माझे नाव काढावयास सांगितले.

आपल्याकडे हा विचार नवीन नाही. राजशेखराने काव्यमीमांसेत शब्दहरण व अर्थहरण यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले, ते हजार वर्षांपूर्वी. मात्र तेव्हा उचलेगिरीवर पगारवाढ मिळत नसे. २०१० पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या बढतीसाठी निबंधांस गुण ठेविले, आणि गुण देणारी दुकाने गल्लोगल्ली निघाली. २०१३ साली बोहॅनन नावाच्या पत्रकाराने एक बनावट निबंध रचला. दगडफुलातून (तेच ते, आपल्या गोड्या मसाल्यातले, त्याच्या जातीच्या वनस्पतीतून) कर्करोगावर औषध सापडल्याचा त्यात दावा होता, आणि चुका अशा ढळढळीत की शाळकरी पोरानेही पकडाव्यात. तो त्याने ३०४ नियतकालिकांस पाठविला. १५७ जणांनी स्वीकारला. त्यांत हिंदुस्थानातील पुष्कळ होती, हे वाचून मान खाली गेली.

अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली, तर तीतच खोटी शिरली. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि त्यांचे सहकारी यांनी तीतील १,००९ नियतकालिके तपासली तेव्हा शेकडा ८८ हून अधिक निकृष्ट ठरली, आणि मे २०१८ मध्ये एकदम ४,३०५ नावे वगळावी लागली. पुढे पुणे विद्यापीठात 'केअर' नावाचा कक्ष झाला, नवी यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही आयोगाने बंद केली. आता निवड ज्याची त्याने करावयाची आहे. अर्थात ती प्रत्येकाच्या ओसरीवर येऊन ठेपली आहे.

आमच्या ओसरीवर आली तेव्हा काय झाले ते सांगतो. चिरंजिवांचे म्हणणे, "बाबा, सगळेच असे करतात. हिच्या बरोबरीच्या दोघींची बढती झाली. आपण एकट्याने सोवळे पाळून काय होणार?" त्याचे बोलणे मला खोटे म्हणवत नाही. बढती म्हणजे या घरात नातवाची फी आणि माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया. सूनबाई काही बोलली नाही. रात्री तिने पैसे न भरता निबंध परत मागितला. उत्तर आले की, परत घेण्याचेही शुल्क पडेल! तिने ते दिले नाही. आणि आठवडाभरात निबंध त्यांच्या अंकात चूक कायम ठेवून झळकला. माझे नावही तसेच.

इकडे तिने निबंध दुरुस्त करून एका जुन्या त्रैमासिकाकडे धाडावयाचे ठरविले. पण एकदा छापलेला निबंध दुसरीकडे नवा म्हणून देणे हाही दोषच. चिरंजीव म्हणाले, "तो अंक कोण वाचतो? गप्प बसा." सूनबाईने मात्र झाला प्रकार सविस्तर लिहून, सगळा पत्रव्यवहार जोडून संपादकांस कळविला. त्या पत्राची एक प्रत तिने आपल्या प्राचार्यांनाही दिली. मला धास्ती वाटली, हे कबूल करितो. माझ्या हयातीत मी वरिष्ठांकडे आपणहून असा कागद कधी दिला नव्हता.

माघात संपादकांचे उत्तर आले. निबंध घेतलेला नाही आणि नाकारलेलाही नाही; चार पाने आक्षेप आहेत. दक्षिणेच्या दोन आकड्यांविषयी शंका आहे, एका शब्दाची माझी व्युत्पत्ती साफ खोडून काढली आहे (परीक्षकाचे बरोबर आहे), आणि शेवटी विचारले आहे : लेखिकेने शिळा स्वतः पाहिली, की छायाचित्रावरून वाचली?

छायाचित्रावरून वाचली होती. वैशाखऱ्याकडून चढणे आता माझ्या गुडघ्यांना झेपणार नाही, म्हणून येत्या रविवारी जुन्नरच्या बाजूने, गाडी लेण्याजवळ जाते त्या वाटेने जावयाचे ठरले आहे. चिरंजीवच गाडी चालविणार आहेत. विजेरी आणि माझे जुने भिंग सूनबाईने कालच पिशवीत घालून ठेविले.