घर नवं, खुणा जुन्या

मैत्रिणींनो, मुंबईच्या मलबार हिलवरचं ‘जलभूषण’ हे १८८५पासूनचं राज्यपालांचं निवासस्थान. आयुष्य संपलेली ती वास्तू पाडून नवी उभारली आणि जून २०२२मध्ये तिचं उद्‌घाटन झालं. जुन्या वास्तूची वैशिष्ट्यं मात्र नव्या बांधकामात आवर्जून जपली. अमेरिकेत १९४८ ते ५२ या काळात व्हाइट हाउसच्या बाहेरच्या भिंती ठेवून आतलं सगळं नव्यानं बांधलं, त्यात जुनं बरंच सामान गेलं. पुढे १९६१मध्ये जॅकलिन केनेडी यांना जुनं फर्निचर शोधून परत आणावं लागलं!

आपल्या मोरगाव परिसरातही जुनी घरं पाडून स्लॅबची घरं होताहेत. नकाशा पुरुषमंडळी ठरवतात आणि सागवानी चौकटी भंगारात जातात. तेव्हा पाडकामाआधीच आपण बोलायला हवं. प्रत्येक खोलीचे फोटो काढा, कोनाड्यांची मापं घ्या. वाळवी नसलेलं लाकूड बाजूला काढून ठेवा. जुन्या दाराचा छान देव्हारा होतो, तुळईचं बाकडं होतं. आणि कोणती वस्तू कुणाच्या हातची, हे सासूबाईंना आजच विचारून वहीत लिहून ठेवा. सामान मागाहून शोधता येईल, पण ही माहिती कुठल्याच दुकानात मिळायची नाही.